नगरच्या खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या आणि आमिषाचं सोपं उत्तर

धर्मांतरबंदीच्या कायद्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच रेकॉर्ड वाजतात. पहिली म्हणजे मिशनरी आले, दुष्काळात भाकरी दाखवली, बिचारे अडाणी लोक भुलले आणि बाटले. दुसरी म्हणजे मिशनरी आले, शाळा काढली, दवाखाना काढला आणि पिचलेल्या लोकांना वर आणलं. टीव्हीवर हेच, व्हॉट्सॲपवर हेच, चहाच्या टपरीवरही हेच. दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर धावून जातात पण एका बाबतीत त्यांचं पक्कं एकमत आहे, आणि नेमकं तेच मला साफ चुकीचं वाटतं. ते म्हणजे जे काही केलं ते सगळं मिशनऱ्याने केलं. ज्याने धर्म बदलला तो माणूस या गोष्टीत नाहीच. तो एकतर फसला नाहीतर तारला गेला, स्वतः त्याने काही ठरवलं असेल ही शंकासुद्धा कुणाला येत नाही.

माझं म्हणणं असं की एकोणिसाव्या शतकात ज्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं त्यांनी ते ठरवलं होतं. विचार करून, हिशोब करून, कधी भाव करून, कधी जोखीम घेऊन. त्यांचा निर्णय तुम्हाला पटो न पटो, निर्णय त्यांचा होता. आणि हे तपासून बघायचं असेल तर नगर जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण लिहितोय जुन्या काळाबद्दल आणि बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो, म्हणून तसंच ठेवतो.)

थोडा इतिहास सांगावा लागेल कारण तो सोडूनच सगळे भांडतात. नगरला आलेलं मिशन इंग्रजांचं नव्हतं, अमेरिकेचं होतं. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते, परत जा म्हणून हुकूम निघालेले. पुढे हे अमेरिकन मराठी मिशन घाटावर सरकलं आणि १८३१च्या डिसेंबरमध्ये ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वे असे तिघं नगरला आले, सोबत बाबाजी रघुनाथ नावाचे ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले गृहस्थ. हर्वे काही महिन्यांतच कॉलऱ्याने गेले. १८३३ला नगरची पहिली मंडळी (गावातल्या ख्रिस्ती लोकांच्या संघाला मंडळी म्हणतात) रीतसर उभी राहिली. हे लोक पंथाने काँग्रिगेशनल, म्हणजे ज्यांच्यात बिशप नसतो, वरून हुकूम नसतो, प्रत्येक गावची मंडळी आपला पाळक, म्हणजे धर्मगुरू, आपण निवडणार आणि कुणाला सभासद करून घ्यायचं ते मंडळी बसून ठरवणार. एक गंमत आहे इथे. ज्या मॅसॅच्युसेट्समधून हे लोक आले तिथे याच काँग्रिगेशनल चर्चसाठी लोकांकडून कर घेतला जायचा, आणि ती व्यवस्था कायद्याने संपली ती पण १८३३लाच. म्हणजे धर्मात सरकारी जबरदस्ती काय असते हे या मंडळींना चांगलं ठाऊक होतं, लादणारे म्हणूनच ठाऊक होतं. मिशनऱ्यांना संत बनवायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पहिली काही वर्षं मिशनचा सगळा डोळा ब्राह्मणांवर होता. हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक अशी माणसं आली, मिशनला वाटलं वरचे आले की खालचे आपोआप येतील. तसं झालं नाही. आले ते महार, आणि ते शहरातून नाही तर खेड्यातून आले, मिशनऱ्यांच्या प्लॅनमध्ये नसताना आले. एका गावातला एकजण नगरच्या बाजारात काहीतरी ऐकून जायचा, मग त्याचा भाऊ, मग सोयरे, मग शेजारच्या गावचे व्याही. राहुरी, नेवासा, पारनेर, इकडे शिरूर, या पट्ट्यात मंडळ्या पसरल्या त्या सोयरिकीच्या वाटेने पसरल्या, नकाशा समोर ठेवून कुणी पसरवल्या नाहीत. नेवाशाकडच्या वडाळ्याला सॅम्युअल फेअरबँक बरीच वर्षं होते, हे गृहस्थ फावल्या वेळात पक्षी गोळा करायचे आणि दक्षिणेतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आजही आहे. नगरला आधी राहिलेल्या एबेनेझर बर्जेस यांनी तर सूर्यसिद्धांताचं इंग्रजी भाषांतर करून १८६०ला छापलं. असे हे लोक, त्यांच्यावर लिहायला खूप आहे आणि लिहिलंही खूप गेलंय. प्रॉब्लेम हाच आहे की लिहिलं गेलं ते त्यांच्यावरच.

आता त्या खेड्यातल्या मंडळीचं चित्र डोळ्यासमोर आणा. महारवाड्यात एक मातीची खोली, धाब्याचं छप्पर. आठवडाभर तिच्यात शाळा, रविवारी तिच्यातच उपासना. मास्तर आणि उपदेशक बऱ्याचदा एकच माणूस. पोरं पाटीवर अक्षरं गिरवणार त्याच भिंतीशी बसून मोठी माणसं रविवारी गाणार. गाणार काय, तर आधी साहेबी चालीची गीतं, ती कुणाच्या गळ्यात बसेनात, मग १८६०च्या दशकापासून कीर्तन आलं, टाळ-मृदंग आले, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीवर रचना केल्या, त्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आजही आहेत आणि गावाकडच्या मंडळीत ढोलकी-पेटीवर अशा काही रंगतात की बाहेरून ऐकणाऱ्याला हरिनाम सप्ताह चाललाय असंच वाटावं. सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण असतो, लोक ज्वारीचं पोतं, बाजरी, भोपळे, कोंबडी, अंडी घेऊन येतात, उपासना झाली की त्याचा तिथेच लिलाव. एका कोंबडीला बाजारभावाच्या चौपट बोली लागते, बोली लावणारा कोंबडी परत दान करतो, पुन्हा लिलाव, पाळक साहेब हसून हसून बेजार. हे बोस्टनहून आलेलं नाही. नगरी आहे, अस्सल.

यावर समोरच्या बाजूचं सगळ्यात दमदार म्हणणं काय? ते नीट मांडू, कारण ते खोटं नाही. दुष्काळानंतर आकडे वाढले, हे खरंच आहे. १८७६ ते ७८चा दुष्काळ आणि मग १८९९-१९००चा, दोन्ही वेळा नगर भाजून निघालं आणि दोन्ही वेळा नंतर बाप्तिस्मे वाढले. १९००ला अमेरिकेतल्या ख्रिस्ती वाचकांनी दिलेल्या देणगीतून क्विटो नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं. रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळात केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. आणि आईबाप गेलेली पोरं मिशनच्या अनाथालयात आली, ती ख्रिस्ती म्हणूनच वाढली. त्या पोरांनी काही ठरवलं होतं असं मी म्हणणार नाही, म्हणताच येणार नाही. सात-आठ वर्षाच्या लेकराला धर्माचं काय विचारणार? इथे मिशनने जे केलं त्यावर टीका करायचा पूर्ण हक्क आहे. दुसरं, नोकऱ्या. मास्तर, उपदेशक, बायबलवाली बाई, बोर्डिंगची स्वयंपाकीण, या सगळ्या पगारी जागा होत्या आणि पगाराचा पैसा समुद्रापलीकडून यायचा. स्वावलंबी मंडळी, स्वावलंबी मंडळी असा जप मिशनने शंभर वर्षं केला पण पाळकाचा पगार काही गावच्या दानपेटीतून निघाला नाही, क्वचित कुठे निघाला असेल. तिसरं, हिंदू धर्माबद्दल यांचं लिखाण. ज्ञानोदय या मिशनच्या मराठी नियतकालिकाचे सुरुवातीचे अंक उघडून बघा, मूर्तिपूजेबद्दल जे शब्द वापरलेत ते आज वाचवत नाहीत.

हे सगळं मान्य. आता पुढचा प्रश्न विचारू. दुष्काळ आमिष असेल तर दुष्काळाच्या आधीचे लोक कशाला आले? नगरच्या खेड्यातल्या मंडळ्या १८७६च्या खूप आधीपासून आहेत. आणि आल्याने काय मिळत होतं? महाराचं गावातलं पोट वतनावर, बलुत्यावर. मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी टपाल पोचवायचं, वेशीवर रात्री येसकर म्हणून जागायचं, आणि बदल्यात खळ्यावरचं धान्य, भाकर-तुकडा. हा माणूस ख्रिस्ती झाला आणि म्हणाला की मेलेलं जनावर ओढणार नाही, रविवारी काम करणार नाही, म्हसोबाच्या जत्रेत वाजवणार नाही, तर गाव काय करणार? बलुतं बंद. म्हणजे हातातली भाकरी जाणार ही भीती खरी होती आणि समोरची भाकरी फक्त त्यालाच, जो मास्तर होईल. बाकीच्यांना काय? रविवारी उपासना, पोराला अक्षरओळख आणि गावाचा राग. कितीतरी ख्रिस्ती महारांनी म्हणूनच वतनाचा हिस्सा सोडला नाही, मिशनरी कुरकुरत राहिले आणि हे दोन्हीकडे पाय ठेवून राहिले. त्यांना कुणी ढोंगी म्हणेल, मी हुशार म्हणतो. १८५०ला कायदा झालाच होता की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही. लोकांना आपल्या हक्काचं कळत होतं.

आणि खरं आमिष जर काही असतं तर ते होतं इंग्रजी शिक्षण. ते मिशनने काय केलं? १८५४-५५ला अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आले आणि त्यांनी ठरवलं की इंग्रजी शाळांवर पैसा घालवणं बंद, मराठीत शिकवा, गावोगाव मंडळ्या करा, देशी पाळक नेमा. त्यांची तात्त्विक बाजू भक्कम होती, इंग्रजी शिकून पोरं सरकारी नोकरीला पळतात, मंडळीत राहत नाहीत असं त्यांचं म्हणणं. पण लोकांच्या बाजूने बघा. ज्या एका शिडीने वर चढता आलं असतं तीच शिडी काढून घेतली, आणि गंमत म्हणजे खेड्यातल्या मंडळ्या भराभर वाढल्या त्या यानंतरच्या काळात. आमिषवाल्यांना याचं उत्तर द्यावं लागेल. आणि 'मिशनऱ्यांनी उद्धार केला' म्हणणाऱ्यांना तर जास्तच द्यावं लागेल, कारण उद्धार करायला आलेल्यांनी महारांच्या पोरांना इंग्रजी नको, मराठी बास, असं बोस्टनहून येऊन ठरवलं. हे त्यांच्या तोंडावर कोण म्हणणार?

लोक भाव कसा करत होते बघा. १८७०च्या दशकात नगरला इंग्लंडच्या चर्चचं एसपीजी मिशन आलं, त्यानंतर राहुरीच्या बाजूला केंदळसारख्या गावांत जर्मन जेझुइट कॅथलिक फादर आले. अमेरिकनांची आजवर मक्तेदारी होती ती संपली. मग काय, गावातली मंडळी म्हणायची आम्हाला मास्तर द्या, नाहीतर आम्ही त्यांच्याकडे जातो. आणि जायची पण. एका गावात अमेरिकन, शेजारच्या गावात एसपीजी, पलीकडे कॅथलिक, कधी एकाच आळीत दोन. आजही हरेगावच्या मतमाउलीच्या (म्हणजे मदर मेरीच्या) जत्रेला कॅथलिक-प्रोटेस्टंट-हिंदू सगळे जातात, त्याचं मूळ हेच. मिशनऱ्यांच्या पत्रांत याबद्दल नुसता वैताग आहे, लोक स्वार्थी आहेत, श्रद्धा कच्ची आहे वगैरे. मला मात्र यात गिऱ्हाईक दिसतं ज्याला तीन दुकानं माहीत आहेत. भुललेला माणूस तीन ठिकाणी भाव विचारत फिरतो का?

कुणी म्हणेल, हेच तर आम्ही म्हणतो, श्रद्धा नव्हती, सौदा होता. थांबा. कुणाच्या धर्माला आपण ही कसोटी लावतो? मूल होऊ दे म्हणून नवस, पीक येऊ दे म्हणून बोकड, कोर्टात केस जिंकू दे म्हणून पायी वारी, हे करणाऱ्याला कुणी म्हणतं का की तू खरा हिंदू नाहीस? ब्राह्मण कुटुंबं पेशव्यांच्या दक्षिणेवर वेद पाठ करत होती म्हणून त्यांची वेदनिष्ठा खोटी ठरते का? पोटाची गरज आणि देवाची ओढ ही एकाच माणसात एकत्र नांदते, सगळ्यांच्यात नांदते. फक्त महाराच्या बाबतीत आपण चिमटा घेऊन दोन्ही वेगळी करायला बसतो आणि पोटाची तेवढी बाहेर काढून दाखवतो.

शिवाय सोडलं काय हेही विचारा. त्या माणसाला सोडायला होतं काय? चोखोबा पंढरपूरला बाहेर राहिले, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाच्या देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं ते १९४७च्या मे महिन्यात. नगरची मंडळी उभी राहून तोवर ११४ वर्षं झाली होती! १८५५ला मुक्ता साळवे या मांग जातीच्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध ज्ञानोदयात छापून आला, त्यात ती सरळ विचारते की वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर मग आम्ही धर्मरहितच नाही का. आणि लक्षात घ्या, मुक्ता पुढे ख्रिस्ती झाली असं कुठे दिसत नाही. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फेरार बाईंची मुलींची शाळा बघून आले, सावित्रीबाईंनी फेरार बाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, दोघं ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनची शाळा म्हणजे बाटवायचं मशीन असतं तर त्यातून बाहेर पडलेला सगळ्यात मोठा माणूस सत्यशोधक कसा निघाला? एकाच शाळेतून, एकाच बाकावरून कुणी ख्रिस्ती झालं कुणी नाही झालं, याचा अर्थ माणसं आपापलं ठरवत होती. दुसरा काय अर्थ लावणार?

आणखी एक जोडी शेजारी ठेवून बघा. १८४३ला मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. केवढा गहजब! प्रकरण कोर्टात गेलं, पोराला परत घ्यायचं की नाही, प्रायश्चित्त चालतं की नाही, बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली म्हणून सनातनी त्यांच्यावर उलटले. एका ब्राह्मण पोरासाठी सगळा प्रांत ढवळून निघाला. त्याच काळात आणि पुढे नगरच्या खेड्यांतून महारांची घरंच्या घरं जात होती. त्यांच्या शुद्धीची परिषद कुठे भरली? कोण आडवं पडलं, की बाबांनो जाऊ नका, विहीर तुमची, देऊळ तुमचं? गावाची तक्रार एकच, आता जनावर कोण ओढणार. धर्म गेल्याचं दुःख कुणालाच नव्हतं, राबणारा हात गेल्याचं होतं. (याच नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ मांग ख्रिस्ती लोकांसाठी बेथेल नावाचं गाव वसवलं, त्यांच्यावर कुणीतरी मराठीत निवांत लिहायला पाहिजे.)

ख्रिस्ती झाल्याने जात गेली का? नाही गेली. हे मी दडपणार नाही आणि चर्चवाल्यांनी दडपू नये. प्रभुभोजनाला एका रांगेत बसायचं आणि सोयरीक जातीतच बघायची, महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात अंतर ठेवायचं, हे चालू राहिलं. लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःच्या सोवळ्याबद्दल जे प्रांजळपणे आणि विनोदाने सांगितलंय ते सगळ्यांना माहीत आहे, नवरा ख्रिस्ती झाला तरी यांचं सोवळं वर्षानुवर्षं सुटेना. बाबासाहेबांचीही तक्रार हीच की धर्मांतर केलेले लोक जातीपासून सुटले नाहीत आणि अन्यायाविरुद्ध उभे राहिले नाहीत, मिशनऱ्यांनी त्यांना लढायला शिकवलं नाही. तक्रार रास्त आहे. नारायण वामन टिळकांनी तर, जे स्वतः तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, १९१७ला मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार मांडला, कारण हा परका सांगाडा त्यांना नको होता. म्हणजे बघा, मिशनवर सगळ्यात जळजळीत टीका मिशनच्या आतल्या मराठी माणसांनीच केली आहे. भुललेली माणसं अशी टीका करत नसतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. 'त्यांना काय कळतंय' हा विचार कुठून येतो? फक्त कट्टर लोकांकडून येतो असं समजू नका. १९३६ला गांधीजी जॉन मॉट या अमेरिकन मिशनरी पुढाऱ्याशी बोलताना म्हणाले की तुम्ही गायीला शुभवर्तमान सांगाल का, काही अस्पृश्यांची समज तर गायीपेक्षाही कमी आहे, त्यांना धर्माधर्मातला फरक काय कळणार. 'हरिजन'मध्ये छापलेलं आहे. गांधीजींचा हेतू वाईट होता असं मी अजिबात म्हणत नाही, अस्पृश्यतेसाठी त्यांनी जीव पणाला लावला होता. पण हे वाक्य बोललं गेलं त्याच्या वर्षभर आधी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर करून टाकलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि त्याच १९३६च्या मे महिन्यात मुंबईत हजारो महारांसमोर धर्मांतर का करायचं याची मुद्देसूद मांडणी करून दाखवली होती. ऐकणारे लोक समजून उमजून ऐकत होते. येवला ते नेवासा अंतर किती? तीच माणसं, तेच सोयरे.

हाच विचार पुढे कायद्यात शिरला. १९६७चा ओडिशाचा कायदा बघा. जबरदस्तीने किंवा आमिषाने धर्मांतर केलं तर एक वर्ष शिक्षा, पण ज्याचं केलं तो अल्पवयीन असेल, स्त्री असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर दुप्पट. नंतर बाकीच्या राज्यांनीही हेच कलम थोड्याफार फरकाने उचललं. समर्थक म्हणतात दुबळ्यांना जास्त संरक्षण नको का? ऐकायला बरं वाटतं. पण चाळीस वर्षाचा, पदवी घेतलेला, सरकारी नोकरीतला दलित माणूस आणि दहा वर्षाचं पोर यांची समज कायद्याने एका ओळीत बसवली, त्याचं काय? ॲट्रॉसिटीच्या कायद्यात दलिताला संरक्षण आहे ते त्याच्यावर कुणी हात उचलतं म्हणून. इथे संरक्षण आहे ते त्याच्या स्वतःच्या डोक्यापासून. दोन्ही एक नाहीत. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ला धर्मांतरावर कडक बंधनं सुचवली, तिच्या अहवालाचा हवाला आजही सतत दिला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दीक्षा घेणाऱ्यांत हेच निवृत्त न्यायमूर्ती नियोगी होते. त्यांना कुणी विचारलं नाही की साहेब, तुम्हाला कुणी काय देऊ केलं होतं. न्यायमूर्तीला डोकं असतं हे आपण गृहीत धरतो ना.

आमिषाचा युक्तिवाद माझ्या मते पूर्ण कोसळतो तो १९५०ला. राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलं की अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंनाच, १९५६ला त्यात शीख आले, १९९०ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजपर्यंत बाहेर. म्हणजे १९५० पासून आमिषाची दिशा उलटी झाली. स्कॉलरशिप, होस्टेल, नोकरी, राखीव मतदारसंघ, सगळं हिंदू राहण्यात. ख्रिस्ती राहण्यात काय? इकडे मिशनचा पैसा तर त्याआधीच आटत चालला होता, १९३०च्या मंदीत अमेरिकेतून येणारा निधी कापला गेला, गावच्या शाळा हळूहळू लोकल बोर्डाकडे गेल्या नाहीतर बंद पडल्या, गोरे मिशनरी एकेक करून परत गेले. १९२४ला या मंडळ्या युनायटेड चर्चमध्ये गेल्या होत्या, १९७०च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि ज्या पंथात बिशप नको म्हणून सगळी रामायणं झाली त्यांना शेवटी बिशप मिळाला. तर भाकरीसाठी आलेले लोक भाकरी संपल्यावर, उलट दुसरीकडे मोठी भाकरी दिसत असताना, रविवारी त्या धाब्याच्या खोलीत कशाला जात राहिले?

काही गेले, हेही सांगतो. १९५६नंतर कितीतरी घरं बौद्ध झाली, कारण बाबासाहेबांमागे जाणं त्यांना जास्त आपलं वाटलं. काहींनी दाखल्यावर हिंदू-महार, हिंदू-मांग लावून घेतलं आणि रविवारी उपासना चालू ठेवली. आमच्या भागात अशी घरं कुणाला माहीत नाहीत असं नाही, एका घरात आजीचं नाव मंडळीच्या वहीत, बापाच्या दाखल्यावर जात हिंदू, आणि नातू भीम जयंतीच्या मिरवणुकीत. सुप्रीम कोर्टाने २०२४ला एका तमिळ बाईंच्या केसमध्ये म्हटलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती राहून फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक आहे. कायद्याच्या चौकटीत बसून कोर्ट दुसरं काही म्हणू शकलं नसेल कदाचित. पण एक सांगा, १९००ला मका घेऊन ख्रिस्ती झालेला जर विकला गेला, तर सवलतीसाठी कागदावर हिंदू राहिलेला कुणी विकत घेतला? धर्माची अट कुणी घातली? २००७ला रंगनाथ मिश्र आयोगाने ही अट काढा म्हणून सांगितलं, त्यावर धूळ बसली, २०२२ला बालकृष्णन आयोग नेमला. अट काढून टाका आणि मग बघू कोण कुठे राहतो ते. आमिषाला एवढा विरोध असणाऱ्यांनी सरकारी आमिषापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

आकड्यांबद्दल एवढंच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती ०.९६ टक्के, वसई-मुंबईचे जुने कॅथलिक आणि बाहेरून आलेले धरून. ख्रिस्ती पुढारी हा आकडा दाखवून म्हणतात बघा आम्ही किती थोडे, घाबरता कशाला. मला हा युक्तिवाद आवडत नाही. टक्का दहा असता तर मग धर्म बदलायचा हक्क कमी झाला असता का?

आता नोटिशीची कल्पना. काही राज्यांच्या कायद्यात धर्म बदलायच्या आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. कर्नाटकाने २०२२ला केलेल्या कायद्यात तर तीस दिवस आधी अर्ज, मग तो कलेक्टर आणि तहसीलदार ऑफिसच्या बोर्डावर लावून लोकांच्या हरकती मागवायच्या. इथे आपल्याकडेही असंच काही आणा म्हणणारे आहेत. पारदर्शकता आहे म्हणतात, खरा श्रद्धाळू असेल तर घाबरायचं कशाला म्हणतात. ठीक आहे, ही नोटीस १८६०च्या सुमाराला नेवासा तालुक्यातल्या एखाद्या गावच्या चावडीवर लावून बघू. अमुक येसकर आणि त्याचं कुटुंब येत्या महिन्यात ख्रिस्ती होणार आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. हरकत पाटलाची असणार कारण वेशीवर कोण जागणार, कुलकर्ण्याची असणार कारण टपाल कोण नेणार, बागाईतदाराची असणार कारण परवा मेलेला बैल अजून गोठ्यातच पडलाय. सगळ्या हरकती खऱ्या, सह्या-अंगठ्यासकट, आणि एकीतही देवाचं नाव नाही. मॅजिस्ट्रेटने त्यावर निकाल काय द्यायचा आणि त्या तीस दिवसांत त्या येसकराच्या घरात बलुत्याचं धान्य कुठून यायचं, हे कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी सांगावं.